आजारपणाची रजा आणि म्हातारपणाची भाकर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी मंडळात कोणी तरी पाककृतीवर बोलते, कोणी मुलांच्या वळणावर बोलते. यंदा कार्यवाह ताईंनी मला उभे केले आणि विषय दिला पेन्शनचा. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. व्यवसाय म्हणाल तर घर. पण आमच्याकडे सूतगिरणीतली नोकरी आहे आणि प्रॉव्हिडंट फंडाचे कागद सांभाळण्याचे काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. आसपासच्या बायाही आपापली पासबुके घेऊन ओट्यावर येतात. त्यातून जे समजले तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटला एकोणिसाव्या शतकापासून गिरण्या आहेत. पुलगावच्या गिरणीवर किती घरे उभी राहिली आणि ती बंद पडल्यावर त्या घरांचे काय झाले, हे इथल्या थोरल्या बायांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. जिनिंगची, सूतगिरणीची कामे छातीला बाधतात. माणूस पन्नाशीच्या अलीकडे खोकू लागतो, कोणाचा हात पट्ट्यात सापडतो, कोणाची कंबर जाते. अशा वेळी आपण दवाखाना बघतो, डबा बघतो, रात्रीची जागरणे करतो. पण त्याच महिन्यांत म्हातारपणच्या भाकरीचा हिशोब होत असतो, तिकडे कोणाचे लक्ष नसते.

आधी पैसा कुठे जातो ते पाहू. समजा, फंडासाठी धरलेला पगार १२,००० रुपये आहे. त्यातून १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये कामगाराचे कापतात आणि तेवढेच मालक घालतो. पण मालकाचे सगळे पैसे फंडात पडत नाहीत. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे जवळजवळ १,००० रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ४४० फंडात. ही पेन्शनची योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. सप्टेंबर २०१४ मध्ये तिच्यासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये ठरली. तेव्हा फंड वेगळा आणि पेन्शन वेगळी, हे पक्के ध्यानात ठेवावे. आजारपणात फंडातून उचल घेतली तर फंड कमी होतो, पेन्शनची वर्षे कमी होत नाहीत.

१९९५ च्या योजनेत पेन्शनचे गणित असे आहे : शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. सरासरी १२,००० आणि वर्षे चौदा असतील तर महिना २,४०० रुपये. म्हणजे एका वर्षाची किंमत महिन्याला १७१ रुपये, आणि तीही जन्मभर. पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू होते आणि तिला दहा वर्षांची नोकरी लागते. सहा महिने किंवा अधिक भरले तर ते पूर्ण वर्ष धरतात, सहाच्या आत असले तर सोडून देतात.

आता रजेकडे येऊ. दूधवाल्याचा खाडा आपण दिनदर्शिकेवर मांडतो. ज्या दिवशी दूध नाही, त्या दिवसाचे पैसे नाहीत. पेन्शन खात्याचेही तसेच. रजा पगारी असेल तर त्या पगारावर फंड कापला जातो आणि पेन्शनचे दिवस चालू राहतात. रजा बिनपगारी असेल तर मालक महिन्याच्या पत्रकात तेवढे दिवस वर्गणीविना दाखवतो. ते झाले खाडे, आणि नोकरी मोजताना ते वजा होतात.

इथे पुष्कळ बायांची एक समजूत असते. राज्य विमा योजनेतून, म्हणजे ई. एस. आय. मधून, आजारपणाचे पैसे येतात, म्हणून सर्व खाती चालू आहेत असे त्यांना वाटते. विम्याचा आधार मोठा आहे. साध्या आजारात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के, क्षय, कुष्ठ, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत अटी पुऱ्या झाल्यास ८० टक्के आणि तेही दोन वर्षांपर्यंत, कामावर इजा झाली तर ९० टक्के. पण ही विम्याची रक्कम आहे, मालकाने दिलेला पगार नव्हे. तिच्यावर फंड कापत नाहीत. चूल पेटत असते, पण पेन्शनच्या खात्यात खाडा पडत असतो.

एक गोष्ट मात्र कामगाराच्या बाजूची आहे. शेवटच्या साठ महिन्यांत असे खाडे आले, तर मिळालेला पगार जेवढ्या दिवसांचा असेल तेवढ्या दिवसांनीच भागून तीसने गुणतात. त्यामुळे आजारपणाने सरासरी खाली येत नाही. कमी होतात ती वर्षे.

वर्षे कमी झाल्याने काय होते, याचे आमच्या गल्लीतले उदाहरण सांगते. नाव सांगत नाही. त्या बाईंच्या यजमानांनी एका सूतगिरणीत मोजून दहा वर्षे काढली. मध्ये त्यांना क्षय झाला, आठ महिने घरी होते. विम्याचे पैसे वेळेवर आले, औषध पूर्ण झाले, माणूस बरा झाला. पुढे ते खाते बंद पडले आणि नोकरी सुटली. दहा वर्षे झाली, आता पेन्शन लागणार, म्हणून घरात समाधान होते. कागद पाहिले तर दहा वर्षांतून आठ महिने वजा, राहिली नऊ वर्षे चार महिने. वरचे चार महिने सहाच्या आत, म्हणून धरायची नऊच. अवघ्या दोन महिन्यांसाठी पेन्शन हातची जात होती.

त्या वेळी घरात दोन मते झाली. मुलीचे लग्न ठरले होते. पेन्शन खात्यातले पैसे एकरकमी काढून घ्यावे, असे यजमानांचे म्हणणे. ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, गरज खरी होती. पण पेन्शनचे पैसे काढले की नऊ वर्षे पुसली जातात. बाई म्हणाल्या, "लग्न लहान करू, पण म्हातारपणी सुनेपुढे हात पसरायचा नाही." त्यांनी फंडाचे पैसे तेवढे घेतले आणि पेन्शनसाठी १० सी नंबरच्या फॉर्मवर पैसे न मागता योजनेचे प्रमाणपत्र मागितले. या प्रमाणपत्राने जुनी नोकरी शाबूत राहते आणि नव्या नोकरीत जोडता येते. यजमान एका ठेकेदाराकडे पहारेकरी म्हणून लागले. पगार थोडा, पण फंड कापणारा. तिथे चार महिने झाले. नऊ वर्षे आठ महिने, म्हणजे धरायची दहा. सरासरी १०,५०० होती. आज त्या घरात महिन्याला पंधराशे रुपये येतात. पंधराशेत संसार होत नाही, हे मलाही कळते. पण औषध, चहासाखर आणि विजेचे बिल त्यात भागते, आणि यजमानांच्या मागे बाईंनाही पेन्शन राहील.

आता ज्यांचे आजारपण बरे होण्यासारखे नसते त्यांच्याविषयी. कामगार नोकरीत असताना कायमचा आणि पूर्णपणे निकामी झाला, तर दहा वर्षांची अट नाही. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर पेन्शन मिळू शकते. यातला "नोकरीत असताना" हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळ घरांत माणूस अंथरुणाला खिळला की कोणी सांगते, "राजीनामा द्या, हिशोब घ्या." बायांनो, आजारपणाच्या घाईत राजीनाम्यावर सही होऊ देऊ नका. आधी रजेचा अर्ज, मग डॉक्टरचा दाखला, मग पुढचा विचार.

सरकारी नोकरीला आणखी आधार आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने माणसाला काढू नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे. तेही नसेल तर जादा पद धरून योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत ठेवावे. म्हणजे नोकरीची वर्षे तुटत नाहीत. १९९५ च्या कायद्यातही असे कलम होते. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले की, अपंगत्वाची पेन्शन मिळते एवढ्यावरून हे संरक्षण नाकारता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षेची नवी संहिता अमलात आली आहे. तिच्याखाली योजना नव्याने लिहिल्या जातील तसे आकडे बदलू शकतात. म्हणून आकडे पाठ करू नका, विचारायचे काय ते पाठ करा. मी चार गोष्टी सांगते.

पहिली, आजारपणात आधी पगारी रजा संपवावी, मग बिनपगारी. किती रजा शिल्लक आहे ते कार्यालयातून लिहून घ्यावे.
दुसरी, दाखल्याच्या आणि रजेच्या अर्जाच्या प्रती घरच्या पेटीत ठेवाव्या.
तिसरी, वर्षातून एकदा पासबुक पाहावे. पेन्शनच्या रकान्यात ज्या महिन्यात आकडा नाही, त्या महिन्यात रजा होती की मालकाने भरणाच केला नाही, हे विचारावे. रजेचा खाडा आपला, पण कामाच्या दिवसाचा खाडा सोसू नये. त्यासाठी नागपूरच्या फंड कार्यालयात तक्रार करता येते.
चौथी, नोकरी सुटली तर दहा वर्षांना किती महिने कमी आहेत ते मोजल्याशिवाय पेन्शनचे पैसे काढू नयेत.

आपल्यातल्या ज्या बहिणी शेतात निंदायला, वेचणीला जातात, त्यांना ना फंड, ना पगारी रजा. त्यांचा आजार म्हणजे सगळाच खाडा. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून देण्याचे काम मंडळाने हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. आणि ज्यांना पेन्शन आहे त्यांचीही ती तुटपुंजी आहे. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये ठरली, आणि निवृत्त कामगार ती ७,५०० करा म्हणून मागत आले आहेत. ही मागणी रास्त आहे असे मला वाटते. ती मान्य होवो वा न होवो, आपल्या वाट्याची वर्षे आपण मोजून ठेवली पाहिजेत.

येत्या शुक्रवारी दुपारी मंडळात ज्या बहिणी पासबुक घेऊन येतील त्यांच्याबरोबर बसून मी ते वाचीन. चष्मा आणि पेन्सिल तेवढी आणावी.