भिंतीवरचे मोर

घर बांधून झालें आणि हातीं चार पैसे उरले, म्हणजे एखादी भिंत चित्रानें शोभवावी अशी इच्छा गृहस्थास होते. त्यांतही झाडें, वेली, पक्षी यांकडे मनाचा ओढा अधिक. कारण शहरांत राहणाऱ्या मनुष्याची रानाची ओढ सुटत नाहीं. परंतु चौकटींतलें चित्र न आवडल्यास उतरवितां येतें. भिंतीवरचें चित्र घराचाच भाग होऊन बसतें. म्हणून तें काढवून घेणें हा जितका रसिकतेचा, तितकाच व्यवहाराचा प्रश्न आहे. १८७६ सालीं लंडन शहरांत घडलेली एक हकीकत या बाबतींत फार बोधप्रद आहे.

फ्रेडरिक लेलँड हा लिव्हरपूलचा धनाढ्य जहाजमालक. चिनी मातीचीं निळींपांढरीं भांडीं जमविण्याचा त्याला नाद होता. लंडनमधील त्याच्या घरीं तीं मांडण्याकरितां टॉमस जेकिल या शिल्पज्ञानें भोजनगृहाच्या भिंती नक्षीदार कातड्यानें मढविल्या व अक्रोडाच्या लांकडाच्या फळ्या बसविल्या. शेकोटीच्या वर जेम्स व्हिस्लर या अमेरिकन चित्रकाराचें एक चित्र लावावयाचें होतें. म्हणून दारें व झडपा यांना कोणता रंग द्यावा, एवढाच सल्ला व्हिस्लरला विचारण्यांत आला. पुढें जेकिल आजारी पडला, लेलँड लिव्हरपूलला गेला, आणि खोली चित्रकाराच्या हातीं राहिली.

मग व्हिस्लरच्या कुंचल्याला आवर राहिला नाहीं. तें मौल्यवान कातडें गडद निळ्याहिरव्या रंगाखालीं गेलें. छतावर मोरपिसांची नक्षी उमटली. झडपांवर सोनेरी मोर पिसारे झुलवूं लागले. मालकाच्या गैरहजेरींत चित्रकार पाहुण्यांना व पत्रकारांना बोलावून खोली दाखवूं लागला.

शेवटीं त्यानें २,००० गिनींची मागणी केली. लेलँडनें सुमारें निम्मी रक्कम दिली, आणि तीही गिनींत नव्हे, पौंडांत. गिनी २१ शिलिंगांची, पौंड २० शिलिंगांचा. कलावंताला गिनी आणि कारागिराला पौंड, अशी तेथील रीत. त्या एका शिलिंगाचा घाव फार खोल गेला. १८७७ सालीं उरलेल्या भिंतीवर व्हिस्लरनें दोन भांडणारे मोर काढले. त्यांतील संतापलेल्या मोराच्या पायाशीं नाणीं विखुरलीं, आणि चित्राला ‘कला आणि पैसा’ असें नांव दिलें. मैत्री संपली. १८७९ सालीं व्हिस्लरचें दिवाळें निघालें, तेव्हां सावकारांत लेलँड होताच. आणि ज्याच्या योजनेवर हा रंग चढला, तो जेकिल १८८१ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत वारला.

दोष कोणाचा? परवानगीपलीकडे जाणारा चित्रकार निर्दोष नव्हे. परंतु काम किती, दाम किती, हें आधीं न ठरवितां दूर जाणारा मालकही निर्दोष नव्हे. म्हणून भिंत रंगवून घेणाऱ्यानें प्रथम कागदावर लहान रंगीत नमुना काढवून घ्यावा. चित्र कोठें संपेल, सामानाचा खर्च कोणाचा, पैसे कोणत्या हप्त्यांनीं द्यावयाचे, हें लिहून ठेवावें. भिंतीला ओल असेल तर तिचें मूळ आधीं शोधावें. ओल्या भिंतीवर उत्तम रंगही पोपडे होऊन गळतो. इतकें झाल्यावर मात्र रोज उठून पानापानाला नांवें ठेवूं नयेत. नमुना मान्य केला, तेव्हांच कुंचला चित्रकाराच्या हातीं सोंपविला गेला.

लेलँडच्या पदरीं एक गोष्ट मात्र घातली पाहिजे. आपलाच उपहास करणारे ते मोर त्यानें पुसले नाहींत. १८९२ सालीं तो वारला तोंपर्यंत ती खोली तशीच राहिली. १९०४ सालीं चार्ल्स फ्रीअर या अमेरिकन संग्राहकानें ती विकत घेऊन सुटी करून अमेरिकेस नेली, आणि १९२३ सालापासून वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयांत ती लोकांस पाहावयास मिळाली. खोलीनें घर बदललें, समुद्र ओलांडला. तुटलेला स्नेह मात्र जुळला नाहीं. चार ओळींचा करार वेळींच झाला असता, तर मोरही राहिले असते आणि मैत्रीही.