कुंभारणीचं मडकं फोडू नका
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत कृषी सखीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीची साफसफाई जवळ आलीय. जाळ्याजळमटांबरोबर भिंतीवरचे मातीचे गोळेही आपण खराट्याने पाडतो. मीही दरवर्षी पाडायचे. एकदा असाच एक गोळा फुटला आणि आतून हिरव्या अळ्या पडल्या. मेलेल्या वाटल्या, पण काडी लावली तर किंचित हलल्या. तेव्हा मला कळलं, आपल्या परसबागेतल्या अळ्या कोणीतरी गोळा करतंय!

ती म्हणजे कुंभारीण. तांबूस-पिवळी, काळ्या पट्ट्यांची, कंबर दोऱ्यासारखी बारीक. शास्त्रात तिच्या प्रजातीला डेल्टा म्हणतात. ती एकटीच राहते. ओली माती तोंडाने आणून इवलंसं मडकं घडवते. आत बारीक तंतूला एक अंडं टांगते. मग अळी शोधते, नांगी मारून तिला लुळी करते आणि मडक्यात आणून ठेवते. अळी जिवंत असते, म्हणून सडत नाही. पुरेशा अळ्या झाल्या की तोंड मातीने बंद. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती शिदोरी खाऊन वाढतं, कोष करतं आणि शेवटी मडकं फोडून बाहेर येतं.

आपल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं आठवतं ना? कुंभारीण अळीपाशी गुणगुणते आणि अळीची कुंभारीण होते! आत गेली अळी आणि बाहेर आली कुंभारीण, म्हणून तसं वाटायचं. खरं तर अळी पिल्लाच्या पोटात गेलेली असते.

आता मुद्द्याचं. आपण ज्याला औषध म्हणतो, ते विष आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारा अळी आणि कुंभारीण असा भेद करत नाही. अळी पुन्हा येते, पण तिला वेचणारी मात्र गेलेली असते. एकटी कुंभारीण सगळी कीड संपवेल असं मी म्हणत नाही. पण फुकट राबणाऱ्या मजुरणीला आपणच का हाकलायचं?

म्हणून एवढं करा:

1. बंद मडकं पाडू नका. वर भोक पडलेलं असेल आणि कोणी ये-जा करत नसेल, तर ते रिकामं झालंय, खुशाल पुसा.
2. परसबागेत अळी दिसली की आधी हाताने वेचा, मग निंबोळी अर्क. विषारी फवारा लगेच नको.
3. थोडी कोथिंबीर, बडीशेप फुलावर येऊ द्या. मोठी कुंभारीण स्वतः फुलांतला रस पिते.
4. लेकरांना सांगा, तिला हातात धरायचं नाही. मुठीत दाबली तर ती डंख मारते, पण मडक्याजवळ गेलं म्हणून अंगावर येत नाही. गांधीलमाशीचं तसं नाही. तिचं पोळं असतं आणि त्याला धक्का लागला तर सगळ्या तुटून पडतात. तिच्यापासून लांबच राहा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरावरची मडकी मोजून या. बचतीच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहू. हीसुद्धा आपली बचतच आहे, ताईंनो.