जाळी बसवली, पण सांगितले का?

शहापूर-मुरबाड भागात शस्त्रक्रिया करताना हर्नियाचे, म्हणजे अंतर्गळाचे, रुग्ण मी नेहमी पाहतो. भाताचे भारे, मोळ्या, वीटभट्टीवरची ओझी उचलणारी ही माणसे. जांघेत गोळा आला तरी लावणी उरकेपर्यंत दवाखान्यात येत नाहीत.

पूर्वी स्नायू ओढून शिवत. ताण पडे, हर्निया उलटे. १९८०च्या दशकापासून जाळी बसवण्याची पद्धत रुळली. पॉलिप्रॉपिलीनची ही जाळी विरघळत नाही. तिच्या छिद्रांतून तंतू वाढतात, भिंत भक्कम होते. मीही हीच पद्धत वापरतो.

मुरबाडकडचा एक गडी मात्र विसरत नाही. जांघेतल्या जुन्या व्रणातून वर्षभर पू येई. गोळ्या घेतल्या की सुके, पुन्हा वाहू लागे. गळू समजून त्याने पालाही बांधला होता. ऑपरेशन सात वर्षांपूर्वीचे. कागद गळक्या घरात भिजून गेलेले. उघडून पाहिले तर आत जंतुसंसर्ग झालेली जाळी! ती काढली, जखम भरली.

‘‘डॉक्टर, माझ्या अंगात जाळी होती?’’ त्याने विचारले.

मी मनातल्या मनात माझे रुग्ण आठवू लागलो. त्यांना तरी मी कुठे सांगितले होते?

अशी उशिरा पिकणारी जाळी क्वचितच आढळते. ती सरकून आतड्यात वा मूत्राशयात शिरणे त्याहून दुर्मिळ. रेंगाळणारे दुखणे मात्र शंभरात दहा-बारा जणांना त्रास देते. ‘अंगचोर’ म्हणून घरचे त्यांना हसतात. ते खरेच दुखत असते.

जाळी महागडीच हवी असे नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. त्यांचा अहवाल २००३मध्ये प्रसिद्ध झाला. युगांडातील ३०२ पुरुषांवरच्या चाचणीतही (२०१६) स्वस्त जाळी महागडीच्या तोडीची ठरली. पण तो पाठपुरावा एका वर्षाचा. आमचा गडी सातव्या वर्षी आला!

आता मी कार्डावर ‘उजवीकडे जाळी’ असे मराठीत लिहितो, तारीख घालतो आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाजवळ ठेवायला सांगतो. जुना व्रण सुजला, लाल झाला, पाझरू लागला, तर ते कार्ड घेऊन यायचे. पाला बांधत बसायचे नाही.