आपला मोताळा तालुका : भूमी, इतिहास आणि शिरगणती
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



काशी-रामेश्वराची माहिती आपण हौसेने ऐकतो. पण आपल्या शिवारातले पाणी कोठे जाते, हे पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून पाण्यापासूनच आरंभ करते.

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की आपण बालाघाटातून पयनघाटात येतो. वरचे पठार ते बालाघाट, खालचे पूर्णेचे खोरे ते पयनघाट. आपला तालुका या दोहोंच्या सांध्यावर, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर पैनगंगेत पडलेला पाऊस वर्धा, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळतो. घाटाच्या अलीकडे पडलेला नळगंगेतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि अखेर अरबी समुद्रात. एकाच सरीच्या दोन लेकी, एक पूर्वेला दिलेली, एक पश्चिमेला! नळगंगेवरचे आपले मातीचे धरण तर सर्वांच्या पाहण्यातले आहे. वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला राज्य शासनाने २०२४ साली मान्यता दिली, त्याचे शेवटचे टोक हेच. गोसीखुर्दपासून येथवर चारशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. ते पाणी येईल तेव्हा येईल. तोवर आपला हंडा आपल्याच डोक्यावर.

आता इतिहास. तो शोधावयास दूर जावे लागत नाही. रोहिणखेड आपल्याच तालुक्यात आहे. तेथे १४३७ साली मोठी लढाई झाली. खानदेशच्या नासिरखानाची मुलगी बहामनी सुलतान अल्लाउद्दीन अहमद याला दिली होती. सुलतानाची मर्जी दुसऱ्या राणीवर, संगमेश्वरच्या राजाच्या कन्येवर, बसली. मुलीने माहेरी गाऱ्हाणे घातले आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडात शिरला. रोहिणखेडला बहामनी सरदार खलफ हसन याने त्याचा पराभव केला आणि थेट बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला. सवतीच्या गाऱ्हाण्यातून राज्ये झुंजली. पिके कोणाची तुडवली गेली असतील, ते सांगावयास नको. पुढे १५९१ मध्ये त्याच गावी निजामशाहीच्या गादीसाठी लढाई होऊन जमालखान मारला गेला. खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली मशीद तेथे आहे. शाळेच्या सहलीने वेरूळ अवश्य पाहावे, पण एकदा रोहिणखेडही दाखवावे.

मोगल, निजाम ही नावे आपण शाळेत घोकली आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आपला मुलूख पूर्वी मलकापूर तालुक्यात मोडे. मोताळा तालुका मागाहून झाला.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मलकापूरवरून आगगाडी धावू लागली. व्यापाऱ्यांचा हा इतिहास पुस्तकांत आहे. बोंडे वेचणारी बोटे मात्र बायकांची होती, आणि आजही आहेत.

येथेच शिरगणतीचा प्रश्न येतो. वऱ्हाडची पहिली रीतसर खानेसुमारी १८६७ सालची. २०११ च्या गणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांवर होती. हजार पुरुषांमागे स्त्रिया ९३४. सहा वर्षांखालच्या मुलांत मात्र हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेच्या आसपास. दहा वर्षांपूर्वी त्या नऊशेंवर होत्या. दुष्काळ नाही, पटकी नाही, मग या मुली गेल्या कोठे? उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे, आणि ते घराघरांत बोलले गेले पाहिजे.

२०२१ ची गणना कोरोनामुळे झाली नाही; पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून जाहीर झाली. गणतीदार विचारतो, "बाई काय करतात?" ओसरीवरून कोणी पुरुष सांगतो, "काही नाही, घरीच असते." आणि वर्षभर निंदण-वेचणी करणारी बाई कागदावर रिकामी बसते! घरच्या शेतात बिनमजुरीने केलेले कामही गणनेत कामच धरतात. तेव्हा प्रत्येकीने स्वतः दारात येऊन शेतकरी किंवा शेतमजूर, जे असेल ते सांगावे, आणि तसेच लिहिले की नाही ते पाहावे. ज्यांना प्रश्न आधी समजून घ्यावयाचे असतील, त्यांच्यासाठी मी शनिवारी सभा संपल्यावर थांबेन.