अनुदान आधी की खर्च आधी?

साथींनो, २०१८ साली जागतिक बँकेने महाराष्ट्राच्या कृषी संजीवनी प्रकल्पास ४२ कोटी डॉलर मंजूर केले. ही मदत नव्हे, कर्ज, फेडणार जनताच. अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टाही त्यात आला. तेथील विहिरींचे खारे पाणी पिकांना मानवत नाही. पावसाचे पाणी साठविणारे शेततळे हाच आधार. परंतु शेतकऱ्याने आधी पदरचा पैसा घालावा, अनुदान मागाहून खात्यात जमा व्हावे, असा नियम! ज्याच्या पदरी काहीच नाही, त्याने सावकाराची पायरी चढावी काय? महाराष्ट्राच्याच १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मजुराकडे भांडवल मागितले नव्हते. कामाचा हक्क दिला होता. अशा योजनांच्या लाभार्थ्यांची यादी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत वाचावयास लावावी आणि अल्पभूधारकास अनुदान आगाऊ मिळावे, ही मागणी लावून धरावी.