मिठाच्या कडवटपणातला धातू

मंडळी, सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून पावसाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येई : मीठ पाझरले. बरणीच्या तळाशी साचलेले ते पाणी चाखून पाहा, खारटाबरोबर कडूही लागेल. हा प्रताप मिठात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचा. ते हवेतला ओलावा ओढून घेते. गंमत अशी, की मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात जे पदार्थ घालतात, त्यांतला एक मॅग्नेशियम कार्बोनेट! धातू तोच, सोबत बदलली, की स्वभाव बदलतो.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. मिठागरात मीठ आधी खाली बसते आणि मॅग्नेशियम वरच्या कडू पाण्यात राहते. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला जे मीठ उचलले (दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यातच होती), त्यात मातीबरोबर हा कडवटपणाही असणारच. कच्छच्या छोट्या रणाकाठी खाराघोड्याला तर याच कडू पाण्याचा धंदा झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद पडला आणि तिथे मॅग्नेशियम क्लोराइड निघू लागले. गिरण्यांत सुताला खळ देताना ते वापरत. जी मिठाची खोड, तोच सुताचा गुण : ओलावा धरल्याने सूत मऊ राही, तुटत नसे.

शोधाचे श्रेय दोघांना द्यावे लागेल. चुना आणि मॅग्नेशिया हे वेगळे पदार्थ आहेत, हे १७५५ मध्ये जोसेफ ब्लॅकने दाखवले. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने धातू वेगळा केला. जुन्या छायाचित्रकारांचा डोळे दिपवणारा पांढरा झगमगाट याचाच. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मात्र ओतू नका. आग अधिकच भडकते.

बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्यालाही कॅल्शियमबरोबर हाच कारणीभूत. आणि सुरती पापडीचा हिरवा रंग? त्या हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमच बसलेले असते.

पण मला आज मुख्यतः सांगायचे आहे ते लेकीसुनांसाठी. गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब चढून झटके येतात, त्यात आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात. त्यावरचे औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आपले जुने जुलाबाचे मीठ, पण इंजेक्शनासाठी शुद्ध केलेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध स्वस्त आहे, मात्र ते घरी घ्यायचे नव्हे. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, म्हणून डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षेप पाहतात, लघवी मोजतात, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात. तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यात सुनेचे डोके सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तोंड सुजले असेल, तर ‘पित्त असेल’ म्हणून सुंठ उगाळत बसू नका. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या.