खडक चढायला इंजिन कोणते?



शिरूरला, म्हणजे आमच्या घोडनदीला, माझे गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप ही आमची नेहमीची कामे. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळेच गिऱ्हाईक येऊ लागले आहे. शिकलेली पोरे शेतातल्या शेडमध्ये लोखंडी पाइप वाकवतात, वेल्डिंग करतात आणि बग्गीचा सांगाडा उभा करतात. ही बग्गी पळवायची नसते. मोठमोठ्या दगडांवरून मुंगीच्या पावलाने चढवायची असते. अमेरिकेत रुबिकॉन नावाच्या खडकाळ वाटेवर १९५३ पासून जीपवाल्यांचा मेळा भरतो. आपल्याकडे २०१४ मध्ये गोव्यात भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा झाली, तेव्हापासून हा नाद गावोगावी माहीत झाला.

सांगाडा झाला की पोरे विचारतात, "काका, इंजिन कोणतं टाकू? जास्तीत जास्त हॉर्सपॉवरचं सांगा." या प्रश्नाचे उत्तर चुकले तर घरच्या उसाच्या एका हंगामाचे पैसे जातात, आणि कधी जिवावरही बेतते. म्हणून आज त्याविषयी बोलतो.

रसवंतीचे जुने डिझेल इंजिन आठवा. एक सिलिंडर, पाच-सहा हॉर्सपॉवर, बाजूला जडशीळ चाक. चरकात जाड ऊस गेला की त्याचा आवाज जड होतो, पण ते बंद पडत नाही. खडक चढायला हाच गुण लागतो. हॉर्सपॉवर म्हणजे ठरावीक वेळात किती काम होते त्याचे माप. ते वेगाबरोबर वाढते. दगडावर वेग नसतोच. तिथे लागते ती कमी फेऱ्यांवरची ओढ, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. आणि ही ओढ एकट्या इंजिनातून येत नाही, गिअरमधून वाढवून घ्यावी लागते.

साधा हिशेब सांगतो. पहिला गिअर चारास एक, फोर-व्हीलचा लो गिअर अडीचास एक आणि डिफरन्शियल चारास एक धरा. तिन्हींचा गुणाकार झाला चाळीस. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसते घरघरत असले तरी चाक मिनिटाला वीसच फेरे घेईल. तीस इंची टायर एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर चाळीस सेंटिमीटर जातो. म्हणजे मिनिटाला ४८ मीटर, तासाला तीन किलोमीटरलाही थोडे कमी. माणूस याहून भरभर चालतो. लो गिअर नसेल तर तीच गाडी तासाला सात किलोमीटरने दगडावर आदळेल. मग पोरगा क्लच अर्धा दाबून धरतो आणि संध्याकाळपर्यंत क्लच प्लेट जळते.

आता ओढीचे पाहा. जिप्सीचे १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देते, तेही ४५०० फेऱ्यांवर. समजा खालच्या फेऱ्यांवर त्यातला निम्माच हाती आला. चाळीसपट करून आणि घर्षणात जाणारे वजा करून टायरपाशी साधारण साडेचारशे किलोची ओढ मिळते. आठशे किलोची बग्गी तीस अंशांच्या चढावर धरायला चारशे किलो पुरतात. म्हणजे एवढेसे इंजिनही काम करते. अट इतकीच, बग्गी हलकी हवी आणि गिअर बरोबर हवेत.

अभियांत्रिकीच्या पोरांना हे कळायला हवे, कारण २००७ पासून होणाऱ्या बाहा स्पर्धेत त्यांनी हेच केलेले असते. तिथे सगळ्या संघांना सारख्याच ताकदीचे, जेमतेम दहा हॉर्सपॉवरचे इंजिन देतात. मग वजन आणि गिअर ज्याने नीट जमवले तो पुढे जातो.

आमच्या भागात चर्चेत तीन इंजिने असतात. पहिले, रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारे फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल. गावचे म्हणून त्याचा अभिमान आहे. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि ते बंद झाले, पण जुन्या गाड्यांतून अजून मिळते. १९० न्यूटन-मीटर टॉर्क ऐकून पोरे हरखतात. मात्र ही ओढ टर्बो भरल्यावरची, पावणेदोन-दोन हजार फेऱ्यांची आहे. ८०० फेऱ्यांवर टर्बो झोपलेलाच असतो. शिवाय त्याचा संगणक, सेन्सर आणि सगळे वायरिंग जसेच्या तसे उचलून आणावे लागते. एक तार चुकली तर इंजिन सुरूच होत नाही.

दुसरे, महिंद्राच्या जीप-बोलेरोचे २५२३ सीसीचे डिझेल. खालच्या फेऱ्यांवर दणकट आणि प्रत्येक तालुक्यात उघडता येणारे. पण वजनाला फार भारी. बग्गीच्या नाकावर ते बसवले की स्टिअरिंग जड होते, स्प्रिंगा बसतात आणि मग सांगाडाही जाड करावा लागतो. वजन वजनाला ओढते.

तिसरे, जिप्सीचे पेट्रोल. जिप्सीचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले, पण एस्टीमलाही याच घराण्याचे इंजिन होते, त्यामुळे सुटे भाग मिळतात. हलक्या बग्गीसाठी माझे मत यालाच. मात्र दोन गोष्टी पाहा. गिअरबॉक्स आणि लो गिअर जिप्सीचाच मिळवा. आणि कार्बोरेटरवाले घेऊ नका, इंजेक्शनवाले घ्या. गाडी तिरकी झाली की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल एका बाजूला जाते आणि ऐन चढावर इंजिन बंद पडते.

इंजिन बंद पडणे हीच खरी भीती आहे. बहुतेक गाड्यांच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिन चालू असतानाच भरतो. बंद पडल्यावर एक-दोनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखे होते. गाडी मागे घसरते, आडवी होते, उलटते. म्हणून डोक्यावरची पिंजऱ्याची चौकट आणि कमरेचा-खांद्याचा पट्टा यांचे पैसे आधी बाजूला काढा, इंजिनाचे नंतर. तसेच तेलाच्या चेंबरमध्ये आडपट्ट्या घाला, नाहीतर तिरक्या गाडीत पंपाला तेल मिळत नाही. आणि रेडिएटरला विजेचा पंखा हवाच, कारण मुंगीच्या चालीत वारा लागत नाही.

भंगारातून इंजिन घेताना नंबर घासलेला नाही ना हे बघा, आणि मूळ गाडीची कागदपत्रे मागून घ्या. अशी घरी केलेली गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. नोंदलेल्या जिप्सीचा सांगाडा कापून बग्गी करणेही मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही. ट्रॉलीवर घालून न्या आणि मालकाची परवानगी असलेल्या बंद खाणीत किंवा स्वतःच्या माळावर चालवा. टाकळी हाजी-निघोजच्या रांजणखळग्यांकडे मात्र बोट दाखवू नका. कुकडीच्या पाण्याने गोटे फिरवून फिरवून काळ्या पाषाणात ते कोरले आहेत. ते पाहायचे, त्यावर टायर घालायचे नाहीत.

तेव्हा पोरांनो, इंजिन बघायला जाण्याआधी वहीत चार आकडे लिहा. बग्गीचे वजन, टायरची उंची, तिन्ही गिअरचा गुणाकार आणि खिशातले पैसे. हे चार आकडे घेऊन कोणत्याही जुन्या मिस्त्रीकडे जा. इंजिन कोणते, हे तो चहा संपायच्या आत सांगेल.